गेल्या सात दिवसांत एक तास

दशांश हे काही तिचं खरं नाव नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांच्या तक्त्यातली एक चूक दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात पकडली, तेव्हापासून ऑफिसात ते चिकटलं. संख्याशास्त्राची पदवी, अंगाने काडी, आवाज सरळ रेषेत. श्रमशक्ती पाहणीच्या कामावर तिला दीड वर्ष झालं होतं. तेच प्रश्न तिने इतक्या दारांत विचारले होते, की आता त्यांच्यासाठी डोकं वापरावं लागत नसे. तोंड आपलं आपण चालायचं आणि ती त्या वेळात भिंतीवरचा रंग कुठे उडालाय ते बघत बसायची.

काम समजायला सोपं होतं. यादीत आलेल्या घरी वर्षातून चार वेळा जायचं, तीन-तीन महिन्यांनी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचं: गेल्या सात दिवसांत पैशासाठी एक तास तरी काम केलं का? केलं असेल तर तो माणूस कामाला आहे, विषय संपला. नसेल केलं, तर पुढचा प्रश्न: गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं का? शोधलं असेल तर तो बेकार. शोधलंही नसेल, तर श्रमशक्तीबाहेर. असे तीन खण. देशातला प्रत्येक माणूस यांपैकी एकात मावतो, आणि सगळे खण मोजून जो आकडा निघतो तो दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात येतो. चार फेऱ्या झाल्या की घर यादीतून जातं, त्याच्या जागी दुसरं येतं.

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरकाकांचं घर तिच्या यादीत आलं तेव्हा त्यांचा कारखाना बंद होऊन दोन महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन. त्यावर काकू एका दुकानासाठी गाद्यांचे अभ्रे शिवत असत. दशांश समोर बसून प्रश्न विचारायची तेव्हाही मशीन थांबत नसे. काकू उत्तरं पायांनीच देताहेत असं वाटायचं.

"विचारा ताई, विचारा," पहिल्या फेरीला काका म्हणाले होते. "एकतीस वर्षं लेथवर उभा होतो, कुणी काही विचारलं नाही. आता बसलोय तर सरकार घरी येतंय."

"बसलाय म्हणून येतंय," काकू मशीनवरून म्हणाल्या.

कारखान्यात पंपाचे व्हॉल्व्ह बनत. मग बाहेरून तयार व्हॉल्व्ह यायला लागले, इथल्या नुसत्या लोखंडाच्या भावात. मालकाने दोन वर्षं दम धरला, कर्जाचं व्याज वाढलं तसा सोडला. काकांनी हे सगळं सांगितलं ते उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. आवाजात राग नव्हता, कसलीच धग नव्हती. काम शोधताय का? रोज. टॅबवर खूण झाली: बेकार. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला मात्र चार आठवड्यांच्या प्रश्नावर काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"शोधलं का काम, काका? कुणाला विचारलं, कुठे अर्ज केला, गेटवर गेलात, काहीही चालेल."

"नाही," ते म्हणाले.

मशीन क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं.

दशांशने खूण केली. स्क्रीनवर निळी पट्टी आली: श्रमशक्तीबाहेर. काका चष्मा कपाळावर चढवून वाकले. टॅब दाखवायचा नसतो, पण ती झाकेपर्यंत त्यांनी वाचलं होतं.

"बाहेर? कशाच्या बाहेर?"

"काम करणारे आणि काम शोधणारे, यांच्या. तो एक वर्ग आहे काका. त्यात तुम्ही एकटे नाही."

"अजून कोण असतं त्यात?"

तिने विचारल्याप्रमाणे सांगितलं, सूचनापुस्तकात आहे त्याच क्रमाने. "शिकणारी मुलं. म्हातारी माणसं. अंथरुणाला खिळलेले. घर सांभाळणाऱ्या बायका."

"या, बसा," काकू काकांना म्हणाल्या. "चटई टाकू का?"

दशांशला हसू आलं नाही. काकांनाही आलं नाही. "म्हणजे बेकार म्हणवून घ्यायलासुद्धा धडपड करावी लागते," ते म्हणाले.

"नियम तसा आहे."

"नियम बरोबरच असेल हो. मापात घेतल्याशिवाय कसं कळणार." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पुढच्या वेळी याल तेव्हा मला त्या बायका-पोरांत घालू नका, ताई. मी शोधून ठेवतो. शेवटची वेळ ना ती?"

"शेवटची."

निघताना तिने ठरलेलं वाक्य म्हटलं: मुख्य कार्यालयातून तपासणीसाठी फोन येऊ शकतो, आलाच तर हेच प्रश्न विचारतील, सहकार्य करा. हे वाक्य ती प्रत्येक दारात म्हणायची आणि आजवर कुणी त्यावर काही विचारलं नव्हतं.

यानंतर जे झालं त्यात चूक तिची होती, आणि अशी चूक पाहणीवाल्यांखेरीज कुणाच्या हातून व्हायचीही नाही.

चौथ्या फेरीच्या पाच दिवस आधी ती त्याच गल्लीत दुसऱ्या एका घरी आली होती. खाली येऊन बघते तर स्कूटर एका अंगाला कलंडलेली. स्टँडची पिन तुटून अर्धा तुकडा आत अडकला होता. ती उकिडवी बसून तो तुकडा पेनने ढकलत होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

"पेनाने नाही निघायचा तो! थांबा तिथेच."

काका खाली आले. तुटका तुकडा हातात घेऊन त्यांनी तो उजेडात फिरवला, नखाने चाचपला. "ठिसूळ बिडाची घातलीय कुणीतरी. चोर लेकाचे. चला, मागच्या गल्लीत माझ्या दोस्ताचा लेथ आहे. दिवसभर रिकामाच असतो, तोही आणि लेथही."

दोस्त खुर्चीत पेंगत होता. त्याने नुसता हात हलवून "चालव" म्हटलं. काकांनी कोपऱ्यातल्या सळयांमधून एक उचलली, टाकली, दुसरी उचलली. लेथच्या पकडीत धरली, हाताने फिरवून बघितली, मग मशीन चालू केलं. दशांश दाराशी उभी होती. आतापर्यंत तिने काकांना फक्त खुर्चीत बसलेलं पाहिलं होतं. उभे राहिल्यावर ते उंच होते. कट घेताना त्यांचं तोंड किंचित उघडं राहायचं, आणि लोखंडाची निळसर वेटोळी त्यांच्या बुटांवर पडत होती तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. दर दोन मिनिटांनी व्हर्नियर लावून जाडी मोजायचे, स्वतःशीच आकडा पुटपुटायचे, परत केसभर काढायचे.

"एवढं कशाला, काका? स्टँडची पिन तर आहे."

"पिन ढिली बसली की भोक मोठं होतं. मग परत मोठी पिन, परत मोठं भोक. तुमच्यासारखंच आहे ताई, आकडा बरोबर पाहिजे."

पिन बसली. स्टँड खट्‌ आवाज करून जागेवर आला. तिने पर्स उघडली.

"काय करताय? ठेवा ते."

"घ्यावे लागतील काका. यादीतल्या घरातून फुकट काही घ्यायची परवानगी नाही. चहासुद्धा आम्ही घेत नाही, माहितीय ना. सेवाही नाही. लेखी आहे."

"पिनेची कसली सेवा!"

"माझी नोकरी जाईल," ती म्हणाली. तेव्हा कुठे त्यांनी पैसे घेतले, न बघता खिशात टाकले आणि हात पुसत निघून गेले. दोस्त मागून ओरडला, "अरे, बोहनी झाली म्हणायची!"

तिने घड्याळ बघितलं. सवयच होती. आले तेव्हा अकरा पाच, आता बारा वीस. यापलीकडे त्या वेळी तिच्या मनात काहीच आलं नाही.

चौथ्या फेरीला दार उघडलं ते काकांनीच. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. टेबलावर वहीचा एक कागद, त्यावर पट्टीने आखलेले चार स्तंभ: तारीख, ठिकाण, कुणाला भेटलो, काय म्हणाले. खाली अकरा ओळी, छापल्यासारख्या अक्षरात. कागद उडू नये म्हणून त्यावर व्हर्नियर ठेवलेला.

"महिनाभर पायपीट चाललीय," काकू म्हणाल्या. "परीक्षेला बसल्यासारखं. काल तर मला म्हणाले, तू प्रश्न विचार, मी उत्तरं देतो."

"विचारा," काका म्हणाले. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

दशांशने टॅब उघडला. आधी काकू: काम केलं, तास किती, झालं. मग काका. "गेल्या सात दिवसांत पैशासाठी एक तास तरी काम केलं का?"

"केलं की," काका म्हणाले. "तुमचीच पिन."

त्यांच्या आवाजात जराशी ऐट होती. दशांशचं बोट स्क्रीनपासून दोन इंचांवर राहिलं. पाच दिवस. पाच म्हणजे सातच्या आत. तिने मनातल्या मनात वार मोजून पाहिले आणि परत मोजले.

"किती वेळ लागला होता, काका?"

"सव्वा तास. कडक सळई होती ना, नाहीतर चाळीस मिनिटांचं काम."

"एक मिनिट," म्हणून ती उठली आणि जिन्यात जाऊन तिने साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"मग अडचण काय?" साहेब म्हणाले. पलीकडे कुणीतरी छपाईयंत्राला शिव्या देत होतं.

"साहेब, पैसे माझे होते."

"तुझे पैसे पैसे नाहीत का?"

"पण मी दिले नसते तर त्यांनी काम केलंच नव्हतं. मापणाऱ्यानेच वजन टाकल्यासारखं झालं ना ते."

"दशांश, फॉर्ममध्ये पैसे कुणी दिले असा रकाना आहे का? नाही. एक तास म्हणजे एक तास. लिही आणि पुढच्या घरी जा, अजून नऊ घरं आहेत तुझी." फोन बंद झाला.

ती आत आली. बसली. 'होय' वर बोट ठेवलं, तासाच्या चौकटीत एक भरला, मिनिटांत पंधरा. हिरवी पट्टी आली आणि टॅबने चार पानं एकदम ओलांडली. समोर नवा प्रश्न: कामाचं स्वरूप. पर्याय एक, पगारी. पर्याय दोन, स्वतःचा व्यवसाय.

"हे काय विचारतंय?" काका म्हणाले. "शोधण्याचं कुठे गेलं?"

"ते आता येत नाही, काका. काम केलेल्या माणसाला शोधण्याचं विचारत नाही तो. तुम्ही कामाला आहात."

"मी?"

"स्वतःचा व्यवसाय."

काकूंनी मशीन थांबवलं. "अगं बाई! मालकीणबाई झाले की मी. आणि मला सांगितलं नाही कुणी." त्या हसायला लागल्या, आणि काकांचा चेहरा बघून थांबल्या.

काकांनी व्हर्नियर उचलून बाजूला ठेवला आणि कागद तिच्याकडे फिरवला. "मी अकरा ठिकाणी गेलो, ताई."

"हो."

"खोटं नाही लिहिलेलं."

"मला माहितीय, काका."

"मग ऐका तरी."

नऊ घरं शिल्लक होती. तिने टॅबचा उजेड बंद केला. काका वाचायला लागले, तारखेसकट, कुठेही घाई न करता. पहिल्या गेटवर भरती कंत्राटदाराकडून होते म्हणाले. कंत्राटदार म्हणाला चाळिशीच्या आतला आण. दुसऱ्या ठिकाणी संगणकावरचा लेथ होता. पोरगा आत प्रोग्रॅम भरतो आणि काचेतून बघत बसतो. "मी विचारलं, मला शिकवशील का? चांगला पोरगा होता. म्हणाला, काका, मलाच काढणार आहेत, सहाच्या जागी दोन ठेवणार." एका गेटवर पाटी होती, 'जागा नाही', तिला गंज चढलेला. एक कारखाना तिथे नव्हताच. कर माफ आहे म्हणून दूर कुठेतरी गेला होता आणि आवारात गाड्या धूत होते. एका मालकाने खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाला ऑर्डर आली की पहिला फोन तुम्हाला. "तो माझ्या जुन्या मालकासारखाच दिसत होता. कर्ज असलेला माणूस कळतो." सातव्या ठिकाणी हिशेबनिसाची जागा होती. आठव्या ठिकाणी काम होतं, खरं काम होतं, पण जायला दोन बस आणि पगार बसच्या तिकिटाएवढा. "तिथे नको म्हणालो. ते शोधण्यात धरतात का?"

"धरतात," ती म्हणाली.

अकराव्या ओळीनंतर ते थांबले. खिडकीतून उजेड कागदावर पडला होता. दशांशला आपल्या आत काहीतरी व्हायला हवं होतं असं वाटलं. काही झालं नाही. कान मात्र गरम झाले होते.

"हे कुठे लिहिणार आता?"

"कुठे नाही."

"एका पिनेपायी."

"माझ्यामुळे, काका. पैसे पुढच्या आठवड्यात द्यायला हवे होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुमची नोकरी गेली असती ना."

तिने टॅब परत उघडला. कामाचं स्वरूप भरलं, सही घेतली, आणि उठताना ठरलेलं वाक्य म्हटलं. मुख्य कार्यालयातून तपासणीसाठी फोन येऊ शकतो.

या वेळी मात्र काकांनी विचारलं, "फोनवालेपण हेच विचारतात? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. त्याच सात दिवसांबद्दल."

"आणि मी काय सांगितलं होतं ते त्यांच्यापुढे असतं?"

"नाही. त्यांच्यापुढे कोरा फॉर्म असतो. जुळतं का ते नंतर बघतात."

"असं," काका म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली नाही, तसाच फोनच्या खाली सरकवला. दशांशने ते पाहिलं. दारात चपला घालताना ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पट्ट्याशी खेळली, आणि मग जिना उतरून गेली.

तीन आठवड्यांनी साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर दोन फॉर्म शेजारी-शेजारी ठेवलेले, एका ओळीवर लाल वर्तुळ.

"तुझा तो टर्नर. तू लिहिलंयस, एक तास पंधरा मिनिटं. तपासणीच्या बाईंना म्हणतो, काम केलं नाही. त्यांनी परत विचारलं, तासभरही नाही? म्हणे एक मिनिटसुद्धा नाही. आणि मग काम शोधण्याच्या प्रश्नावर असा सुटलाय की विचारू नकोस. बाईंचा चहा गार झाला." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. मला तू फोन केला होतास, मला माहितीय कोण. पण कागदावर कारण लागतं. फरकाचं कारण भर, सही कर."

फॉर्मवर दोन चौकटी होत्या. उत्तर देणाऱ्याची चूक. विचारणाऱ्याची चूक.

"पहिलं भरलं तर काय होतं, साहेब?"

"उत्तरं भरवशाची नाहीत म्हणून घर बाद. चारही फेऱ्या काढून टाकायच्या. तो माणूस आपल्याकडे कधी नव्हताच असं समजायचं."

"आणि दुसरं?"

"दुसरं भरलं तर तपासणीचं उत्तर कायम राहतं. बेकार, काम शोधतोय. आणि फरक तुझ्या खाती. तुझा एक आधीचा आहे. तिसऱ्या चुकीला नाव कामाच्या यादीतून जातं, मी सांगायला नको. बाहेर तुझ्या जागेसाठी दोनशे अर्ज पडलेत, तेही सांगायला नको." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "पहिलं भर. त्याचं काही जात नाही. त्याला कळणारही नाही."

तिने तपासणीचा फॉर्म जवळ ओढला. काम शोधल्याची ठिकाणं लिहायला तीन ओळी होत्या. त्या संपल्यावर बाईंनी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं, तीही संपल्यावर समासात, उभं, बारीक अक्षरात. दशांशने फॉर्म आडवा करून वाचलं. कंत्राटदार. संगणकाचा लेथ. गंजलेली पाटी. गाड्या धुण्याचं आवार. तिने बोटाने मोजलं.

"बारा आहेत," ती म्हणाली.

"असतील."

बारावं ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तारीख तिच्या शेवटच्या फेरीनंतर आठ दिवसांची. तेव्हा काकांकडे कुणी जाणार नव्हतं, फोन येईलच असंही नव्हतं. शिवाय ही तारीख मोजणीच्या मुदतीबाहेरची होती. नियमाने ही ओळ खोडायला हवी होती.

"काय, सापडली का अजून एखादी चूक?" साहेबांनी विचारलं.

"नाही," दशांश म्हणाली.

तिने पेन उचललं आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. खाली सही केली, तारीख घातली. साहेबांनी ती बघितली, मग तिच्याकडे बघितलं, आणि फॉर्म डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर टाकून पुढचा ओढला.